कालच्यापेक्षा बरं

फूल होतं ते. बटणाच्या कडेला, तांदळाच्या दाण्याएवढं, पाच पाकळ्या आणि एक वाकडा देठ, पांढऱ्या शाईत छापलेलं — आणि दुकानदाराच्या अंगठ्याचं नख त्यावर दोनदा टकटकलं तेव्हा तिच्या मनात आलं, जवळून बघायचं म्हणजे फूलच बघायचं असणार, हे कुठल्या शहाण्याने ठरवलं असेल... हे दाबलं की अगदी जवळचं टिपतो, दुकानदार सांगत होता, फुलं म्हणा, किडे म्हणा, अंगठीतला खडा म्हणा, चार बोटांवरून काढा, रेष न् रेष येते. चार बोटं. तिने मनातल्या मनात अंतर धरून पाहिलं — मांडीवर उशी, उशीवर टाच, अंगठ्याखालचा तो उंचवटा आणि त्याच्यापासून चार बोटं. जमेल. हात हलला नाही तर जमेल.

"फिरायला निघालात वाटतं?" दुकानदाराने विचारलं.

ती हो म्हणाली. इतक्या सहज म्हणाली की तिचं तिलाच नवल वाटलं. दोघंच का? दोघंच, मुलगी परगावी नोकरीला, तिला कुठली सवड... खोट्यात थोडं खरं कालवलं की ते छान मुरतं, हे तिला अलीकडेच कळायला लागलं होतं. गेल्या अकरा दिवसांत बरंच काही कळायला लागलं होतं. दुकानदार खूश झाला. कानावर खोचलेलं पेन काढून त्याने पावतीपुस्तक पुढे ओढलं आणि पुन्हा थांबला, कारण त्याला बोलायचं होतं. जेवणाच्या सुट्टीची वेळ, दुकानात चिटपाखरू नाही, आणि वरच्या फळ्यांवर मोठमोठ्या नळ्यांचे कॅमेरे ऐटीत बसलेले असताना ही बाई खालच्या फळीवरचा, साबणाच्या वडीएवढा, खोका आधीच फोडलेला, मागच्या साली येऊन पडलेला सगळ्यांत स्वस्त कॅमेरा मागतेय याची त्याला गंमत वाटत असावी. हल्ली हे कोण घेतं, तो म्हणाला, मोबाईलमध्येच सगळं होतं की. तुमच्याकडे आहे ना मोबाईल?

होता. मोबाईलचंच तर दुखणं होतं. तीन फोटो पाठवले होते तिने डॉक्टरबाईंना — चार तासांच्या अंतरावरच्या शहरात नुसत्या पायाच्या जखमा बघणाऱ्या, पंधरा दिवसांनी एकदा भेटणाऱ्या — आणि तिन्ही पाहून त्यांनी स्वतःहून फोन केला होता. हे फोटो माझ्या कामाचे नाहीत हो. तुमच्या मिस्टरांच्या तळव्यावरची जखम यात तान्ह्या बाळाच्या गालासारखी दिसतेय. या मोबाईलला माणसाला खूश ठेवायची खोड असते, तो आपल्याआपण रंग सुधारतो. एखादा साधा कॅमेरा घ्या, स्वस्तातला चालेल, फक्त रंग खरा दाखवायला हवा. दिवसाउजेडी काढा आणि शेजारी पांढरा कागद ठेवा. मला कड बघायचीय. कड काळवंडायला लागली तर मला त्याच दिवशी कळलं पाहिजे, लक्षात येतंय ना, त्याच दिवशी. आज अंगठ्यावर भागेल ते दोन दिवसांनी पावलावर जाईल, आणि मग माझ्याही हातात राहणार नाही. आवाज मऊ होता डॉक्टरबाईंचा. बोलताना मागे कुणीतरी कपबशा विसळत होतं आणि ती सगळा वेळ त्या कपबशांकडेच लक्ष देत राहिली होती.

"यात रंग खरे येतात का?" तिने विचारलं.

"खऱ्याहून छान येतात."

"छान नकोत. खरे."

दुकानदाराने पेन पुन्हा कानावर ठेवलं. असं गिऱ्हाईक त्याला मिळालं नव्हतं बहुतेक. तिने पर्समधून शेड कार्ड काढलं — पुठ्ठ्यावर दोऱ्याच्या बोटभर पट्ट्या एकाखाली एक गुंडाळलेल्या, प्रत्येकीपुढे नंबर, कारखान्याबाहेर न्यायला मनाई असलेलं — आणि दाराशी उन्हात नेऊन पायरीवर ठेवलं. वाकून पहिला फोटो काढला. पडद्यावर पाहिलं, मग कार्डाकडे, मग पुन्हा पडद्यावर. निळे ठीक होते. हिरवे ठीक. लाल मात्र वेड्यासारखे भडकलेले, दोनशे अठराचा दोनशे पाच झालेला. हे लाल खोटे आहेत, ती म्हणाली. दुकानदार आधी हसला, मग कॅमेरा हातात घेऊन खटाखट बटणं दाबायला लागला आणि म्हणाला, अहो, कंपनीच तो उठावदार रंगांवर लावून पाठवते, लोकांना तेच लागतं, हे बघा, नैसर्गिकवर टाकला. तिने पुन्हा काढला. दोनशे अठरा आता दोनशे अठराच दिसत होता. पण दुकानदाराची हौस फिटेना, त्याने एकेक सोय दाखवायला घेतली, सूर्यास्ताची, बर्फाची, पंगतीतल्या जेवणाची, आणि ही बघा खास बायकांसाठी, त्वचेची, असं म्हणत तिला सावध व्हायलाही वेळ न देता तिचाच फोटो काढून पुढे धरला. डोळ्यांखालची काळी वर्तुळं गेली होती, गालावरचा डाग गेला होता, दहा वर्षं तरी गेली होती. कोण ही बया, ती म्हणाली. दुकानदाराला ती थट्टा वाटली.

दोन वाजता ती पुन्हा आपल्या टेबलाशी होती. शिलाईच्या दोऱ्याचा कारखाना, आणि त्यातली ही रंग तपासायची खोली — भिंती राखाडी, टेबल राखाडी, तिने अंगात घालायचा कोटसुद्धा राखाडी, कारण आजूबाजूला रंग असला की नजर फसते. गिऱ्हाईक नमुना पाठवतं, खालच्या खात्यात त्या रंगाचा दोरा रंगतो, आणि मग तो वर तिच्याकडे येतो. ती पास म्हणाली तर पेट्यांत जातो, नापास म्हणाली तर परत पिंपात. बावीस वर्षं. बावीस वर्षांत तिने पास केलेला एकही लॉट रंगावरून परत आलेला नाही, हे कारखान्यात नव्या माणसाला पहिल्या दिवशी सांगितलं जातं, आणि तिला ते आवडतं, का नाही आवडणार... दुसरं काय होतं तिच्याजवळ मिरवायला? इथे नोकरीला लागली त्या पहिल्या वर्षी तिने घरी पडद्यांना, उशांना, कपबशांना नंबर लावून सोडले होते. तेव्हा ह्यांनी बाही वर करून दंड पुढे केला होता आणि विचारलं होतं, मग माझा नंबर किती? तिनेही चटकन सांगितलं होतं, तीनशे चार. दोघं पोट धरून हसली होती. मग हे म्हणाले होते, पण हे कार्ड आता कारखान्यातच ठेव हं, घरात माणसं राहतात. त्यात राग नव्हता. तरी तेव्हापासून तिने कार्ड घरात आणलं नव्हतं.

समोर गर्द निळ्याचा लॉट होता आणि टेबलापलीकडे रंगमास्तर उभे होते, कोपरापर्यंत निळे, तोंडावर साळसूद भाव. तिने रीळ उजेडाच्या पेटीत धरलं, मग नमुन्याशेजारी धरलं, आणि मान हलवली. मास्तरांना ते अपेक्षितच होतं. खिशातून त्यांनी दुसरं रीळ काढलं आणि म्हणाले, जरा कालच्या लॉटशी लावून बघा की, सख्खा भाऊ आहे. तिने लावून पाहिलं. खरंच होता.

"कालच्याशी लावायचाच नाही, मास्तर," ती म्हणाली. "कालचा परवाशी जुळतो, परवाचा तेरवाशी. रोज केसभर सरकतो आणि रोज पास होतो. मूळ नमुन्याशी लावायचा."

हे वाक्य तिने हजार वेळा म्हटलं असेल. मास्तरांनी ते हजार वेळा ऐकलं असेल, म्हणून तर ते पुरतं ऐकून घ्यायलाही थांबले नाहीत, रिळं उचलून पुटपुटत जिना उतरले. आणि ती तशीच बसून राहिली, हात उजेडाच्या पेटीत, कारण तोंडातून बाहेर पडलेलं वाक्य या वेळी तिने स्वतःही ऐकलं होतं. कालच्यापेक्षा बरं... रोज संध्याकाळी पट्टी सोडली की हे विचारतात, काय म्हणतोय? कारण ह्यांना स्वतःला दिसत नाही, साखरेने जवळची नजरही अधू केलीय आणि तळवा तर धडधाकट माणसालाही नीट दिसत नाही. मी वाकते, बघते आणि म्हणते, कालच्यापेक्षा बरं आहे. अकरा दिवस. अकरा वेळा. तेही ट्यूबलाइटखाली, आणि ट्यूबलाइटखाली लाल तपासायचा नाही हे मीच तर नव्या मुलींना घोकून घेते! तिने पेटीचा दिवा बंद केला, पुन्हा लावला, पुन्हा बंद केला.

पण छे, घरचं वेगळं. घरी माणसाकडे बघायचं असतं, लॉटकडे नव्हे. आणि खरंच बरं वाटत होतं की, परवा पाणी कमी सुटलं होतं, तेरवा कड कोरडी होती... कोरडी म्हणजे चांगलीच ना? तिने पहिल्या दिवसाची जखम आठवायचा प्रयत्न केला आणि तिला आठवला तो नंबर. डॉक्टरबाईंनी जखम साफ केली तेव्हा ती शेजारी उभी होती, डोळ्यांसमोर अंधारी येत होती, तरी डोक्याने आपलं काम सोडलं नव्हतं — कड दोनशे अठरा. आत दोनशे नऊ. असल्या वेळीसुद्धा! तेव्हा तिला स्वतःची किळस आली होती आणि तिने ते कुणालाही सांगितलं नव्हतं. आता तो नंबर मनातून जाईना. डोकं दुखतंय म्हणून सांगून ती चार वाजताच घरी निघाली. सूर्य उतरायच्या आत पोचायला हवं होतं.

बसमध्ये खिडकीची जागा मिळाली. पर्स मांडीवर, पर्समध्ये कॅमेरा आणि चोरून आणलेलं कार्ड. चालकाचा पाय तिला दिसत होता, ब्रेकवर जाणारा, उचलला जाणारा, पुन्हा जाणारा. ह्यांचाही असाच... एकोणतीस वर्षं बस चालवली ह्यांनी, उजव्या पायाने घर चालवलं असं ते चारचौघांत म्हणायचे. त्या दिवशी ड्यूटीवरून आले तेव्हा मोजा ओला होता. ती म्हणाली, पाण्यात पाय घातला होता का? हे म्हणाले, छे. मग तिने बूट झटकला आणि आतून एक स्क्रू पडला, सीटचा कुठलातरी, नखाएवढा, टोकदार. सकाळपासून संध्याकाळपर्यंत त्यावर पाय दाबून ह्यांनी शहराच्या दोन टोकांमध्ये सहा फेऱ्या मारल्या होत्या. पायाला कळलंच नाही बघ, असं म्हणून हे हसले होते. त्या हसण्याचा तिला अजून राग येतो. तो दिवस, मग नुसत्या मलमांवर काढलेला महिना, मग ताप, मग डॉक्टरबाई.

आणि दवाखान्याच्या आवारात, रिक्षा यायची होती तेव्हा, बाकावर बसून ह्यांनी तिचं मनगट धरलं होतं. ऐक, म्हणाले होते, कापायचं निघालं तर मला सांगत बसू नकोस, आधी तूच नाही म्हणून टाक. पाय गेला की लायसन गेलं, लायसन गेलं की मी काय खिडकीत बसून लोकांच्या गाड्या मोजू? त्यापेक्षा मेलो तरी परवडलं. आणि ते फोटो पाठवताना जरा बघून पाठवत जा. तुझ्या नजरेवर सोडलंय मी सगळं. ती हो म्हणाली होती. दुसरं काय म्हणणार, रिक्षा आली होती. पण त्या होच्या तळाशी एक बारीकसा आनंद होता हे तिला आत्ता, बसच्या खिडकीत, कबूल करावंसं वाटलं. संसाराच्या इतक्या वर्षांत ह्यांनी असं काही तिच्या हवाली केलं नव्हतं.

हे खिडकीशीच बसले होते, पाय स्टुलावर, मांडीवर न वाचलेलं वर्तमानपत्र. लवकर आलीस, ते म्हणाले. आणि कॅमेरा पाहून लहान मुलासारखे हरखले, दाखव, दाखव, हातात घेऊन वजन करून पाहिलं, डोळ्याशी नेला, उलटा धरला, यातून बघायचं कुठून असं विचारलं. तिने पडदा दाखवला. त्यांना तो एक उजळ चौकोन तेवढा दिसला असावा. तरी त्यांनी बटण दाबलंच, तिच्या दिशेने, आणि म्हणाले, घे, पहिला फोटो तुझा. फोटोत दाराची चौकट आली होती आणि तिचा एक खांदा. छान आलाय, ती म्हणाली. हे खोटं तिला टोचलं नाही.

खुर्ची तिने पश्चिमेच्या खिडकीकडे वळवली. ऊन अजून धड होतं, जमिनीवर पडलेलं. ती खाली बसली, मांडीवर उशी, उशीवर जुनं धुतलेलं फडकं, त्यावर ह्यांची टाच. पट्टी सोडताना ती नेहमीसारखी बोलत राहिली, मास्तरांचं, निळ्या लॉटचं, दुकानदाराने तिचं वय दहा वर्षांनी उतरवलं त्याचं, आणि हे हसत राहिले. शेवटचा थर तिने पाण्याने भिजवून सोडवला. बघितलं नाही. आधी कागद ठेवला, कागदाशेजारी शेड कार्ड ठेवलं, कॅमेरा नैसर्गिकवर असल्याची दोनदा खात्री केली, फुलाचं बटण दाबलं आणि चार बोटांवर हात धरून पडद्यातूनच पाहिलं, जणू पडद्यातलं आपलं नव्हे, कुणा दुसऱ्याच घरचं आहे. एक काढला. कोन बदलून आणखी एक. हात हलला नाही. कामाला तिचा हात कधीच हललेला नाही.

मग तिने तो मोठा करून पाहिला.

कार्डावरच्या पट्ट्या खऱ्या होत्या. दोनशे अठरा दोनशे अठराच होता. म्हणजे शेजारचंही खरं होतं. कडेवर ती दोनशे अठरा शोधत गेली आणि तो कुठेही सापडला नाही. एका बाजूला दोनशे तीस होता, मळका. आणि अंगठ्याच्या बाजूला, नखभर रुंद, अर्ध्या चंद्रासारखी जी कड होती ती लाल पट्ट्यांत बसतच नव्हती. तिची नजर कार्डावर खाली खाली उतरत गेली, तपकिरी ओलांडून, जांभळट ओलांडून, आणि दोनशे बावन्नवर थांबली. गिऱ्हाईकाला काळा हवा असतो पण अगदी काळा नको असतो तेव्हा हा नंबर देतात. पडद्यावरून डोळे काढून तिने मग खुद्द पायाकडे पाहिलं, उन्हात. तेच होतं. अकरा दिवसांत कुठल्याही एका रात्रीत काही झालं नव्हतं, रोज केसभर, रोज केसभर, आणि रोज तिने पास केलं होतं.

"काय म्हणतोय?" ह्यांनी विचारलं.

फोटो हलला, ती म्हणाली, अजून एक काढते. आवाज नेहमीचा निघाला. अंगठा बटणांवर होता आणि अंगठा आपणहून चालायला लागला, नैसर्गिक सोडून पुढे, सूर्यास्त, बर्फ, जेवण, त्वचा. तिथे थांबला. तिने काढला. पडद्यावर जखम पिकल्या जर्दाळूच्या रंगाची झाली होती, कड मऊ, काळं नाहीसं, फार तर एक सावली. सुंदर होती. शेड कार्ड बाजूला सरकवून असाच आणखी एक काढला तर डॉक्टरबाईंनासुद्धा कळणार नाही... किंवा कळेल, पण उद्या कळेल, परवा कळेल. दोन्ही तऱ्हेचे फोटो आता कॅमेऱ्यात होते आणि पलीकडच्या टेबलावर मुलीने लावून दिलेला कॉम्प्युटर होता. ऊन जमिनीवरून भिंतीवर चढायला लागलं होतं.

"चांगला येईल तोच पाठव," हे म्हणाले. "त्यांना काय, निमित्तच हवंय."

ती हं म्हणाली आणि मनातल्या मनात वाक्यं जुळवायला लागली. डॉक्टरबाईंना सांगता येईल की कालपर्यंत असं नव्हतं. सांगता येईल की ट्यूबलाइटमध्ये कळत नाही हो, मी कामावरून येते तोवर अंधार पडतो. सांगता येईल की तुम्हीच म्हणालात ना, मोबाईल खोटे रंग दाखवतो, मग मला तरी काय दिसणार... पण मोबाईलला दिसलं नसेल, तिला डोळे होते. मुलगी विचारेल, आई, तू रोज बघत होतीस ना? मुलीला काय सांगायचं? मुलीला सांगायचं की तुझे बाबाच नको म्हणत होते. तेही खरंच होतं. आणि कारखान्यात, कधी विषय निघालाच तर, कारखान्यात हे सांगायचंच नाही. एकेक वाक्य ती घेत होती, उजेडात धरत होती, बाजूला ठेवत होती. किती वेळ गेला कोण जाणे. आणि मग तिच्या लक्षात आलं की या सगळ्या वेळात पायाचा विचार तिच्या मनात एकदाही आला नाही. अंगठा जाणार की पाऊल जाणार, दुखेल का, हे चालतील कसे, रात्री उठतील कसे, काही नाही. मी माझी नजर वाचवत बसले होते. बावीस वर्षांत एकही लॉट परत आला नाही म्हणे... तिला स्वतःची लाज वाटली, साधी, अंगभर, शाळेत चोरी करताना पकडल्यासारखी.

"झालं का? घेऊ पाय खाली? का तू धरलायस अजून?"

तिने धरला होता. दोन्ही हातांनी, इतका घट्ट की तिची बोटं पांढरी पडली होती, आणि ह्यांना त्याचा पत्ता नव्हता.

"धरलाय," ती म्हणाली.

"मग सांग की."

कालच्यापेक्षा, एवढा शब्द जिभेवर तयार होता, रोजच्या वहिवाटीने, आणि त्याच्यापुढे काही येईना. मग खिडकीबाहेर बघतच, एखादी साधी गोष्ट सांगावी तसं, ते म्हणाले,

"वास येतोय मला चार दिवस झाले. डोळे अधू झाले, पाय गेला, नाक आहे अजून. पण तू बरं आहे म्हणायचीस. म्हटलं, माझंच काहीतरी चुकत असेल. तुझी नजर आहे."

तिला वाटलं हे आता ओरडतील. ओरडावं त्यांनी, खुर्चीच्या हातावर मूठ आपटावी, तू आंधळी होतीस का म्हणावं, म्हणजे मग तिलाही काहीतरी म्हणता आलं असतं, निदान रडता आलं असतं. चार दिवस! चार दिवस ह्यांनी स्वतःच्या नाकाला खोटं पाडलं होतं, तिच्या शब्दावर. वास तिलाही आला होता की. मलमाचा असेल म्हणाली होती, स्वतःशीच, आणि खिडकी उघडली होती. हे ओरडले नाहीत. पाय तसाच तिच्या ओंजळीत सोडून, मान किंचित तिच्याकडे वळवून ते वाट बघत राहिले, आणि अकरा दिवसांत पहिल्यांदाच तिने वर त्यांच्या तोंडाकडे पाहिलं. उन्हाची तिरीप होती, चेहरा स्वच्छ दिसत होता. त्यावर भीती होती की राग होता की तिला माफ केल्याची खूण होती, तिला ओळखता येईना. तिने डोळे बारीक केले, पुन्हा पाहिलं. तरी येईना. याआधी त्यांच्याकडे असं शेवटचं कधी पाहिलं होतं ते तिने आठवून बघितलं, लग्नातलं, मुलीच्या वेळचं, दवाखान्यातल्या बाकावरचं, आणि त्यातला एकही चेहरा तिला धड समोर आणता आला नाही.